दोरीचा स्विच

५ जानेवारी, रविवार

डॉक्टरांनी सांगितलं, राग आला की बोलू नका, लिहून काढा, बीपी आपोआप खाली येईल. मेडिकलवाल्याने दिलेली फुकटची डायरी कपाटावर पडून होती. तर लिहितो.

पहिला राग आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर. शौनक. वय माझ्या निम्मं आणि रुबाब कलेक्टरचा. आज सकाळी पार्किंगमध्ये गाडीचा सांगाडा आणून ठेवला, तर अर्ध्या चड्डीत खाली आला आणि म्हणाला, "काका, हे भंगार इथे किती दिवस?" भंगार म्हणाला. मी म्हटलं, ही माझ्या बायकोची गाडी आहे, बॅटरीवर चालणार आहे, आणि अजून झालेली नाही म्हणून अशी दिसते. तो म्हणतो, बॅटरी पेटली म्हणजे? मी विचारलं, तुझ्या गाडीत पेट्रोल असतं ते काय गंगाजल आहे? तोंड पाडून गेला. जिना चढताना काहीतरी पुटपुटला. ते मला ऐकू आलं नाही हे त्याचं नशीब.

सुनंदाला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय कॅलिपरमध्ये, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या आधारात. जन्मभर कुबडीवर चालली, भांडुपच्या पतपेढीत नोकरीसुद्धा केली. आता उजवा खांदा कामातून गेलाय, कुबडी धरवत नाही, त्यामुळे घरातच असते. कुठे जायचं तर मी उचलून रिक्षात बसवतो, मीच उतरवतो. तिच्यासाठी तर मी मुदतीआधी रिटायर झालो. बाजारातल्या तीनचाकी तिला चालत नाहीत, कारण पाय गुडघ्यात वळत नाही, समोर सरळ ठेवायला जागा लागते. म्हणून घरीच बनवायची. जुन्या लेडीज स्कूटरचं पुढचं धड, मागे दोन चाकं, मधे सपाट पत्रा. वेल्डिंग मुलुंड पश्चिमेच्या एका गाळ्यातून करून घेतलं, वायरिंग मी करणार. मी आय.टी.आय.चा वायरमन. पुढे सगळं आयुष्य कंपनीच्या टाइम ऑफिसात गेलं, कोण कधी आत आला आणि कधी बाहेर पडला हे बघण्यात, ते सोडा. हात विसरत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

हेडलाइट गेला. बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची, दिवा बाराचा, आणि मी घाईत थेट जोडला. एकदा झकास उजेड पडला आणि संपलं. मागच्या पानावर हात विसरत नाहीत असं लिहिलंय, ते आता खोडत बसत नाही.

आमचं घर तळमजल्यावर, खिडकी पार्किंगकडेच उघडते. सुनंदा तिथे बसून बघत असते. म्हणाली, मधे कन्व्हर्टर लागेल ना, अठ्ठेचाळीसचे बारा करणारा. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणे बल्बवर बारा लिहिलंय, बॅटरीवर अठ्ठेचाळीस लिहिलंय. खोटं. भावाला फोन केला असणार. तो मास्तर हिच्या डोक्यात काय काय भरत असतो.

१२ जानेवारी, रविवार

मास्तर आला. बोलावलं कोणी? सुनंदाने. सुशांत, तिचा धाकटा भाऊ, घाटकोपरच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी आला तरी शिकवतच असतो. लग्नाच्या वेळेपासून हा माणूस माझ्या डोक्यात जातो. ताईचं असं करा, ताईला तसं आवडत नाही. अरे, ताई माझ्या घरात राहते की तुझ्या?

आज ब्रेकच्या वायरवरून जुंपली. ब्रेक दाबला की मोटरचा करंट तुटला पाहिजे, त्यासाठी ब्रेकच्या दांड्यात छोटा स्विच असतो. सुशांत म्हणतो, हा परिपथ, म्हणजे सर्किट, एरवी बंद ठेवायचा आणि ब्रेक दाबला की खुला करायचा. मी म्हटलं, एरवी बंद ठेवलास तर गाडी चालेल कशी, तुझ्या बोलण्यावर? त्याने चष्मा वर केला. भावोजी, म्हणे, परिपथ बंद असला की वीज वाहते, खुला केला की थांबते, पुस्तकात असंच आहे. मी सांगितलं, आमच्या आय.टी.आय.त क्लोज आणि ओपन म्हणायचे, आणि आमच्या घरात दिवा बंद केला की विझतो. तुमच्यात पेटत असेल.

यावर खिडकीतून सुनंदा हसली. अगदी खदखदून. दोघं एकाच शाळेत शिकलेली, त्यामुळे एक बोलला की दुसऱ्याला कळतं, मधे मी येडा. मी सुशांतला बजावलं, माझ्या पार्किंगमध्ये बंद म्हणजे बंद. वायर मात्र त्याने सांगितली तशीच जोडली, कारण ती तशीच जोडायची असते आणि हे मलाही माहीत होतं.

१९ जानेवारी, रविवार

आज वाट लागली असती.

मागचं चाक विटांवर उचलून थ्रॉटल जोडत होतो. थ्रॉटल म्हणजे हँडलची मूठ, पिळली की वेग वाढतो. तिच्यातून तीन वायरी निघतात: लाल, काळी, हिरवी. सुनंदा पार्किंगमध्येच खुर्ची टाकून हँडलजवळ बसली होती, मूठ तिच्या डाव्या हाताला बसवतोय म्हणून माप घ्यायला. मी चावी फिरवली आणि मूठ कोणी पिळली नसताना चाक जे सुटलं ते थेट फुल्ल. वीट सरकायला लागली. मी मागच्या बाजूला, चाकापलीकडे. सुशांत नुसता 'काळी, काळी' ओरडतोय. म्हणजे काळी वायर सुटली होती. ती सुटली की मशीनला वाटतं मूठ पूर्ण पिळलीय. हे मला नंतर समजलं.

सुनंदाने हात लांब केला आणि हँडलवरचं करंट तोडायचं लाल बटण दाबलं. सगळं थांबलं.

मी पोचणारच होतो. चाकाला वळसा घालून जाईपर्यंत तिने दाबलं, एवढंच. काळी वायर सुशांतने खोचली होती, हे त्याने कबूल केलं नाही. मी म्हटलं, मुलांना असंच शिकवतोस का? तो म्हणाला, मुलं ऐकून तरी घेतात. मग मीही जे तोंडाला आलं ते बोललो. सुनंदा त्या लाल बटणावर बोट ठेवून बसली होती, आमच्याकडे लक्षच नव्हतं तिचं. घाबरली असणार बिचारी.

२२ जानेवारी, बुधवार

झोप लागत नाही. डोळे मिटले की चाक फिरतं आणि चाकावर ती बसलेली असते.

उपाय सापडला. सोसायटीच्या जिममध्ये पळायचं मशीन आहे, त्याला एक दोरी असते. दोरीचं एक टोक आपल्या कपड्याला, दुसरं मशीनला. माणूस मागे पडला की दोरी निघते आणि मशीन थांबतं. तस्संच करायचं. गाडीच्या मागे स्विच, त्यात खिट्टी, खिट्टीला दोरी, दोरी माझ्या मनगटाला. ती चालवणार, मी मागून चालणार. जरा पुढे सटकली की खिट्टी निघेल आणि मोटर थांबेल.

सुनंदाला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे तुम्ही रोज मागून चालणार? मी म्हटलं, अर्थात. मला दुसरं काम काय आहे? तिने खिडकीतून गाडीकडे बघितलं. खरं तर तिला बरंच वाटलं असणार, पण आमच्यात तसं बोलून दाखवायची पद्धत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला सगळी सोसायटी खाली होती, म्हणून त्यानंतरच दोरीची चाचणी घेतली. भंगार म्हणणाऱ्यांनी बघावं. सुनंदा बसली, मूठ हलकी पिळली, गाडी चालली. काय चालली! मी मागून दोरी धरून. मग मुद्दाम थांबलो. खिट्टी टक्कन निघाली, गाडी जागच्या जागी गप्प. एक नंबर काम.

आणि लोक हसले. टाळ्या वाजवायच्या सोडून हसले. शौनक म्हणाला, काका, सकाळी फिरवायला नेणार की संध्याकाळी? त्याच्याकडे कुत्रा आहे, त्याला तेवढंच सुचणार. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या बायकोला काय झालं तर तू लिफ्टमधून खाली तरी येशील का? मग कोणी हसलं नाही. लाडू न खाता वर गेले सगळे.

त्यात सुशांत. गाडीवरून ताईला उतरवताना माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "भावोजी, दावं गुराला बांधतात." माझं डोकंच सटकलं. सांगितलं, चालता हो, परत या गेटच्या आत पाय टाकलास तर बघ. गेला. जाताना बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला, जसं काही मी तिला उपाशी ठेवलंय.

सुनंदा दिवसभर बोलली नाही. भावाचं वागणं तिलाही लागलं असणार.

३० जानेवारी, गुरुवार

इंडिकेटर आणि मागचा ब्रेकलाइट राहिलाय आणि गेल्या वर्षी माझं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक वायर दिसत नाही. सुनंदा म्हणाली, सुशांतलाच बोलवू या, एवढं करेल आणि जाईल. मी म्हटलं, बोलाव, पण मी त्याच्याशी बोलणार नाही.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. इंडिकेटरचं सांगितलं, आणि मग म्हणाली, "आणि सुशा, तो दोरीचा स्विच बंद राहिला पाहिजे हं. उघडा राहता कामा नये. कायमचा बंद करून टाक." ऐकून मला फार बरं वाटलं. वॉचमन सकाळी गाड्यांवर पाइप मारतो, त्या स्विचच्या डबीला झाकण नाही, पाणी गेलं तर कामातून जाईल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, हिच्या आलं. म्हणजे चार दिवस गप्प होती ती रागाने नाही. दोरी पटली तिला. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, चांगलं सुचवलंस. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ना? मग झालं."

रात्री पिठलं केलं होतं. चांगलं झालं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग. विषय काय, तर माझं चार्जिंग. मी माझ्या मीटरवरून माझ्या खिडकीतून वायर काढणार, त्यावर तासभर चर्चा. शौनकने आगीचे व्हिडिओ दाखवले मोबाइलवर. मी उठून म्हटलं, चावीच्या आधी फ्यूज आहे, ब्रेकला कट आहे, लाल बटण आहे, वर दोरी आहे. तुमच्या एकाच्या तरी गाडीला चार ठिकाणी थांबवायची सोय आहे का? शेवटी मान तुकवली सगळ्यांनी. परवानगी दिली, पण अशी दिली की जणू भीक.

खाली आलो तोवर सुशांत काम उरकून गेला होता. इंडिकेटर टिकटिक करतात, ब्रेकलाइट लागतो. दोरीच्या स्विचला व्यवस्थित झाकण बसवलंय, चार स्क्रू मारून. मास्तर असला तरी हाताला सफाई आहे, हे लिहायला माझी हरकत नाही. त्याला सांगणार मात्र नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी लिहितोय, कारण आता नाही लिहिलं तर काहीतरी फोडेन.

सकाळी पहिल्यांदा गेटबाहेर निघालो. ती गाडीवर, मी मागे, दोरी मनगटाला. गेटपाशी तिने डावा इंडिकेटर दिला. गल्लीत सकाळची वर्दळ नव्हती. आमची चाल बरोबर जमली होती, मी तिला सांगत होतो, सावकाश, पुढे खड्डा आहे, डावीकडून घे. ती मान हलवत होती. अर्धी गल्ली संपली तिथे तिने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. आणि मूठ पिळली.

खिट्टी निघाली. माझ्या मनगटाला लोंबकळायला लागली. गाडी थांबली नाही.

मी धावलो. चपलेचा अंगठा तुटला. 'बंद कर, बंद कर' ओरडत धावलो, बाल्कन्यांतून लोक बघत होते, बघू देत. मला वाटलं स्विच फेल गेला, मूठ अडकली, संपलं सगळं. छातीत अशी कळ आली की मी कुणाच्या तरी मोटारसायकलला धरून उभा राहिलो. गल्लीच्या तोंडाशी तिचा ब्रेकलाइट लागला. उजवा इंडिकेटर लागला. रस्ता मोकळा झाल्यावर ती मिठागर रोडला वळली आणि दिसेनाशी झाली.

मी सगळीकडे शोधलं. तिचा फोन लागत होता, उचलत नव्हती. घरी येऊन सुशांतला फोन लावला आणि जन्मात दिल्या नसतील एवढ्या शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या. मग म्हणाला, ताईने सांगितलं तेच केलं मी, दोरीचा स्विच बंद ठेवला. मी ओरडलो, बंद ठेवलास तर गाडी चालली कशी?

"बंद होता म्हणूनच चालली, भावोजी."

आता उघडलं माझं डोकं. परिपथ. त्यांच्या शाळेतलं बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ती परत आली. पुढच्या पिशवीत मेथीची जुडी आणि पेरू. केस विस्कटलेले, तोंड लाल झालेलं. गाडी रेषेत लावली, चावी काढली आणि माझी वाट बघत बसली, कारण उतरवायला मी लागतोच. मी उतरवलं नाही. आधी तिच्यासमोर स्क्रू काढले. झाकणाखाली स्विचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वायरचा एक तुकडा, डाग देऊन पक्का केलेला. खिट्टी असो नसो, करंट वाहतच राहणार. पुढे कितीही दिवस मी गाडीला दोरी बांधून फिरलो असतो आणि ती दोरी कशालाच बांधलेली नसती.

मी म्हटलं, तू मला फसवलंस. ती म्हणाली, तुमच्यासमोर बोलले, मुद्दाम तुमच्यासमोर, विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मी म्हटलं, आणि पडली असतीस तर? तर म्हणते, तुमच्या हातूनही दोनदा पडले आहे. ते मी मुद्दाम पाडलं का? दवाखान्याच्या जिन्यावर पाय घसरला माझा. असल्या गोष्टी बायका किती जपून ठेवतात.

मग ती शांतपणे म्हणाली, "लाल बटण माझ्या हाताशी आहे आणि ते चालतं. मला थांबायचं असेल तेव्हा मी थांबेन."

कुठे गेली होतीस, हे विचारलं. बाहेर, म्हणाली. बाहेर म्हणजे कुठे? बाहेर म्हणजे बाहेर. शेवटी उतरवलं मी. पार्किंगमध्ये किती वेळ बसवून ठेवणार?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रोज जाते. चारच्या सुमारास. मी गाडीवर बसवून देतो आणि परत आली की उतरवून घेतो, मधला वेळ माझा. मधल्या वेळात काय करायचं असतं हे मला माहीत नाही. काल डाळीचे डबे पुसले.

आज पक्कड घेऊन बाहेर गेलो. तो तुकडा तोडला की दोरी परत चालू. झाकण काढून बसलो, तर खिडकीत ती. ओरडली नाही. म्हणाली, "तोडा. मग मी त्या गाडीवर बसणार नाही, आणि तुमच्या हातांवरही नाही. घरात बसेन." आणि पडदा लावून घेतला.

एवढ्यात शौनक टपकला. काका, म्हणतो, काकू भारी चालवतात हां, काल रिक्षावाल्याला हॉर्न मारून बाजूला केला. मी त्याला म्हटलं, तुझं काम नाही का काही? आणि झाकण लावून टाकलं. तुकडा तोडला नाही. तिच्या बोलण्यामुळे नाही. बॅटरी चार्जिंगला लावली होती आणि चार्जिंग चालू असताना वायरला हात लावू नये.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिला उतरवून घरात सोडलं आणि गेटवर गेलो, तर वॉचमन विचारतो, काकूंची गाडी नव्वद फुटी रस्त्यावर सिग्नलजवळ बंद पडली होती ना, झाली का नीट? मला पत्ताच नाही. तो दूध आणायला गेला होता, त्याने लांबून बघितलं. मधोमध उभी होती म्हणे, मागून बस हॉर्न देत होती, कोणीतरी रिक्षावाल्याने कडेला लोटून दिली. ती फोन कानाला लावून हँडलखाली हात घालून काहीतरी करत होती. मग गाडी सुरू झाली आणि ती गेली.

नव्वद फुटी रस्ता इथून चालत पाच मिनिटं. फोन माझ्या खिशात होता, आवाज फुल्ल. वाजला नव्हता.

घरात आलो तर ती पलंगावर बसून कॅलिपरचे पट्टे सोडत होती. बोटं काळी झाली होती. मी विचारलं, फोन कोणाला केलास? म्हणाली, सुशांतला. वर्गात होता, पण त्याने उचलला. थ्रॉटलची पिन सैल झाली होती, तिने परत दाबून बसवली आणि वरून रुमाल बांधला. सगळं असं सांगितलं की भाजी कितीला मिळाली ते सांगतेय.

घाटकोपरला फोन केला. भर रस्त्यात, मागे बस, आणि घाटकोपरला. मी इथे पाच मिनिटांवर, बायकोसाठी नोकरी सोडून बसलेला माणूस. मला ओरडायचं होतं, पण आवाज बारीकच निघाला. मी विचारलं, मला का नाही केलास?

तिने पट्टा सोडला, पाय हातांनी उचलून पलंगावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तेच तर वाईट.

"तुम्ही आला असतात," ती म्हणाली.

म्हणजे काय? आलोच असतो. धावत आलो असतो. त्यात चूक काय, हे मी तिला विचारणारच होतो. पण ती जरा वेळाने उठली, भिंतीला धरून चहा ठेवायला आत निघाली, आणि तिला धरायला मी जागचा उठलो नाही.